कोणत्या जागी कोणता बल्ब?

तायांनो, दुकानात गेलं की आपण पहिलं विचारतो, "बल्ब कितीला?" त्याआधी स्वतःला विचारा, या बल्बखाली मी काय काम करणार? चुलीपाशी उत्तर वेगळं, पोरांच्या वहीपाशी वेगळं आणि अंगणात वेगळं.

आधी बिल
१००० वॅट एक तास जळले की एक युनिट होतं. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट. जवळजवळ तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी देतो आणि दीड युनिटही घेत नाही. असे तीन बल्ब बदलले तर महिन्याला बावीस-तेवीस युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपुढे दर बराच वाढतो, हेही लक्षात ठेवा.

चुलीपाशी
बल्ब पाठीमागे असला तर आपलीच सावली तव्यावर पडते. तो समोर किंवा बाजूला लावा, पण वाफ आणि जाळापासून लांब. धुराने काजळी धरते, म्हणून बटण बंद करून, बल्ब गार झाल्यावर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा.

अभ्यासाला
शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंती उजेड गिळतात आणि उंच कौलाखाली तो वरच राहतो. अभ्यासाच्या जागी बल्ब खाली घ्या, डोक्याला लागणार नाही इतपत. पोर उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून हवा. शिवणकाम करणाऱ्या आणि वारली चित्रं काढणाऱ्या तायांनाही हाच पांढरा, जवळचा उजेड बरा.

झोपायच्या जागी
मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं कधी कधी कळतही नाही. म्हणून अर्ध्या वॅटचा छोटा बल्ब रात्रभर चालू ठेवा. महिन्याला अर्धं युनिटही होत नाही. बटण अंथरुणावरून हात पोचेल तिथे घ्या. उजेड केल्याशिवाय पाय खाली टेकू नका. खाट आणि मच्छरदाणी असेल तर आणखी चांगलं.

ओटी आणि अंगण
पावसाळ्यात पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप. बाहेर पिवळसर एलईडी लावा. तो दारावर नको, संडास-न्हाणीच्या वाटेवर उजेड पडेल असा लावा. पाऊस लागत असेल तर झाकणाचा होल्डर घ्या.

दाराजवळ
नोव्हेंबर २०१८ पासून आपल्याकडे धुंदलवाडी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. धक्क्यात रॉकेलची चिमणी कलंडली तर घर पेटेल. त्यापेक्षा चार्जिंगची बॅटरी दाराजवळ खिळ्याला टांगा. ती रोज त्याच जागी हवी, म्हणजे अंधारातही हात बरोबर जातो.

घेताना
खोक्यावर वॅटबरोबर ल्युमेन बघा. वॅट म्हणजे वीज किती जाते, ल्युमेन म्हणजे उजेड किती मिळतो. बीआयएसची खूण आणि गॅरंटी तपासा, पावती जपून ठेवा. बल्ब बदलताना मेन स्विच बंद आणि हात कोरडे.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या प्रत्येक बल्बचे वॅट लिहून आणा, सोबत विजेचं बिलही. किती बल्ब बदलायचे ते गटात ठरवू. सगळ्यांचे एकदम घेतले तर दुकानदाराशी भावही नीट करता येईल.