ओकची फळी, काळे डाग आणि एक वाया गेलेली रात्र

बहिणीच्या नव्या घरासाठी ओकचं टेबल करतोय, असं मी मागे बोललो होतो. टेबल झालं. पण मध्ये एक रात्र अशी गेली की फळी फुकट गेली असंच वाटलं. आणि फळी एकच होती, महागाची.

आमचे बाबा सुतार. आयुष्यभर सागवानावर हात बसलेला, ओक त्यांनाही नवीन. मी रंधा मारला, वर स्टील वूलने घासलं आणि ओल्या फडक्याने पुसून झोपलो. सकाळी बघतो तर फळीभर निळे-काळे ठिपके! बाबा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

झालं असं, की ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. त्याला लोखंडाचे कण आणि पाणी मिळालं की चक्क शाई तयार होते. युरोपात जुन्या काळी ओकच्या झाडावरच्या गाठी आणि लोखंडाचा क्षार वापरून शाई करायचे. बाळगुटीत उगाळतात ते मायफळ माहितीये ना? तीही ओकच्या जातीच्या झाडावरचीच गाठ!

उपाय ऑक्झॅलिक ॲसिड. पावडर मिळते, कोमट पाण्यात विरघळवायची आणि ब्रशने सगळ्या फळीवर लावायची. फक्त डागावर लावलंत तर तेवढाच भाग फिका दिसेल. हे विष आहे, हातमोजे हवेतच. नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचं. नीट धुतलं नाही, तर घासताना उडणारी पूड नाका-घशाला झोंबते, म्हणून मास्कही लावा.

पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, फळी खरखरीत लागते. घाबरू नका, ते हवंच असतं. आत्ता उभे राहिले नाहीत तर पॉलिशचा पहिला हात मारल्यावर राहतील. पूर्ण वाळू द्या, मग १८० किंवा २२० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने घासा. त्याआधीची घासणी ८०, मग १२०, नेहमी रेषांच्या दिशेने. मधला नंबर गाळला की ओरखडे राहतात आणि ते पॉलिश झाल्यावरच दिसतात, हा छळ वेगळाच.

तरीही ओक काचेसारखं होत नाही, कारण त्याची छिद्रं मोठी असतात. तसं हवं असेल तर ग्रेन फिलर रेषांना आडवा चोळून भरावा लागतो. मी भरला नाही. मला ती छिद्रं आवडतात, बाबांना नाही.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. एक मात्र लक्षात ठेवा: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

परवा टेबल टेम्पोत चढवलं. निघायच्या आधी बाबांनी फळीवरून तळहात फिरवला, मग खालच्या बाजूनेही. म्हणाले, "खालून नाही घासलंस."