नजरेला नजर द्यायची सक्ती नाही

ऑटिझम किंवा एडीएचडी असलेली मोठी माणसं थेरपीला येतात तेव्हा बहुधा लहानपणापासूनची बोलणीही सोबत आणतात: ‘नीट बस’, ‘लक्ष कुठंय?’, ‘एवढ्याशा आवाजानं काय होतं?’ चारचौघांसारखं दिसण्यासाठी नजर, हसू, हातवारे सतत बसवत राहायचे, याला मास्किंग म्हणतात. त्याचा शीण मूळ अडचणीपेक्षाही जड होऊ शकतो.

अशा जुन्या आघातांचं भान असलेला थेरपिस्ट म्हणून मी आधी खोलीकडे बघतो. डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट बंद करतो, सत्रात काय होणार ते आधी कळवतो. हातात काही चाळवा, येरझाऱ्या घाला, बोलवत नसेल तर लिहून द्या, सगळं चालतं. ‘आत्ता काय वाटतंय?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण अनेक ऑटिस्टिक माणसांना स्वतःच्या भावनेला नाव देणंच अवघड जातं. तिथे चित्रं, आकडे किंवा नुसता घटनाक्रम उपयोगी पडतो. जुनी जखम पहिल्याच भेटीत उकरायची नसते. थांबण्याची खूण आधी ठरते, आणि ती पाळली जाते.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. ऑटिस्टिक आणि इतर माणसं यांच्यात गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, असं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं. समजून घेण्याचा गृहपाठ थेरपिस्टलाही आहेच, आणि माझ्या मते तोच जास्त वेळा राहून जातो.

थेरपीच्या खोलीबाहेर, कायद्यापुढे दोन्हींची स्थिती सारखी नाही: भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वांच्या यादीत ऑटिझम आहे. एडीएचडीचा मात्र वेगळा उल्लेख नाही.