फॉरेक्स ट्रेडिंग: पहिला रुपया टाकण्याआधी

परकीय चलनाच्या ट्रेडिंगबद्दल नवख्या माणसाच्या कानावर जे पडतं, ते बहुतेक यूट्यूबच्या व्हिडिओंतून आणि टेलिग्रामच्या ग्रुपांतून. पिप म्हणजे काय, लॉट म्हणजे काय, चार्टवर कोणती मेणबत्ती दिसली की विकायचं, हे सगळं तिथे शिकवतात. भारतात राहणाऱ्या माणसाला यातलं काय करायची कायद्याने मुभा आहे, हे मात्र क्वचितच सांगतात. खरं तर शिकवणीचा पहिला धडा तोच असायला हवा. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी कायदा, मग गणित, मग बाजार.

“ॲप सहज डाउनलोड होतं, जाहिरातही सगळीकडे दिसते. म्हणजे ते अधिकृतच असणार.”

जाहिरात दिसणं आणि परवानगी असणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. भारतातला परकीय चलनाचा व्यवहार ‘फेमा’ म्हणजे १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली येतो. या कायद्याप्रमाणे भारतात राहणाऱ्याला असा व्यवहार फक्त अधिकृत व्यक्तीशी, म्हणजे रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या बँका वगैरेंशीच करता येतो, आणि तोही ठरवून दिलेल्या कारणांसाठी. ऑनलाइन करायचा तर रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेला प्लॅटफॉर्म हवा किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजार हवा. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने हे पत्रक काढून स्पष्ट सांगितलं आणि समाजमाध्यमं, सर्च इंजिन, ओटीटी, गेमिंग ॲप यांवरच्या जाहिरातींपासून सावध राहायला सांगितलं. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मची ‘अलर्ट लिस्ट’ आली. तिच्यात आधी ३४ नावं होती. पुढे यादी वाढतच गेली.

या यादीवरूनच आणखी एक गैरसमज निघाला आहे: माझ्या ॲपचं नाव तिच्यात नाही, म्हणजे ते सुरक्षित. रिझर्व्ह बँकेने यादीसोबतच स्पष्ट केलेलं आहे की ती परिपूर्ण नाही. नवं नाव घेऊन नवी वेबसाइट उघडायला एक दिवसही पुरतो, यादी तेवढ्या वेगाने धावू शकत नाही. म्हणून शोध उलट्या बाजूने घ्यायचा. बंदीच्या यादीत नाव नाही ना, एवढ्यावर थांबायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरच्या परवान्याच्या यादीत नाव आहे का, ते पाहायचं. तिथे नसेल तर विषय संपला. “आम्ही परदेशात नोंदणीकृत आहोत” या उत्तराने काही बदलत नाही. अशा कित्येक कंपन्या सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स या कॅरिबियन बेटांच्या देशातली नोंदणी दाखवतात आणि तिथला वित्त नियामक स्वतःच सांगतो की आम्ही फॉरेक्स ट्रेडिंगचे परवाने देत नाही.

“वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवायला परवानगी आहे, मग ट्रेडिंगला का नाही?”

उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे एलआरएस, २००४ मध्ये २५ हजार डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली आणि आज ती मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. शिक्षण, उपचार, प्रवास, नातेवाइकांचा खर्च, परदेशी शेअर यांसाठी ती वापरता येते. पण परदेशी बाजाराला किंवा परदेशातल्या दुसऱ्या पक्षाला मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, भरण्यासाठी पैसे पाठवायला, आणि परदेशात चलनाची ट्रेडिंग करायला या योजनेत स्पष्ट मनाई आहे. म्हणूनच ही ॲप पैसे सरळ मार्गाने मागत नाहीत. कुणातरी अनोळखी माणसाच्या खात्यावर यूपीआय करायला सांगतात, नाहीतर क्रिप्टो विकत घेऊन पाठवायला सांगतात. ज्या कंपनीला स्वतःच्या नावाच्या भारतीय खात्यात पैसे घेता येत नाहीत, तिच्याबद्दल आणखी पुरावा शोधत बसायची गरज नाही. आणि यात केवळ कंपनी दोषी ठरते असंही नाही. फेमाचं उल्लंघन करणाऱ्याला त्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

लंडनला किंवा दुबईला असलेला मावसभाऊ हे सगळं राजरोस करतो, असं अनेकजण सांगतात. तो करत असेलही. फेमा पासपोर्ट बघत नाही, माणूस कुठे राहतो ते बघतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला तिथल्या नियामकाच्या देखरेखीखालचा ब्रोकर मिळतो आणि तिथले संरक्षणाचे नियमही मिळतात. पुण्यात बसून त्याचंच अकाउंट चालवणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

“मग एनएसईवर करू. तिथे पुरावा लागत नाही, म्हणजे कुणालाही चालतं.”

हा गैरसमज अशिक्षितांचा नाही. चांगल्या ब्रोकरांच्या जुन्या माहितीपुस्तकांतही तो आढळतो, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं.

एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात, डॉलर-रुपयाचं फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा करार, २९ ऑगस्ट २००८ ला सुरू झालं. एक लॉट एक हजार डॉलरचा. किंमत एक पैसा हलली की एका लॉटमागे दहा रुपयांचा फरक. पुढे युरो, पौंड आणि येन आले. कितीतरी छोटे गुंतवणूकदार इथे आले, कारण मार्जिन कमी आणि हालचाल शेअरपेक्षा संथ. एका ठरावीक रकमेपर्यंत कागदपत्रं दाखवावी लागत नव्हती. त्यावरून बाजारात सर्रास असा अर्थ लावला गेला की परकीय चलनात आपलं खरंखुरं देणं-घेणं नसलं तरी चालतं.

जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने या व्यवहारांचे एकत्रित निर्देश काढले. त्यात स्पष्ट लिहिलं की रुपयाशी जोडलेल्या करारात दहा कोटी डॉलरपर्यंत कागदपत्र दाखवायची गरज नाही, पण करारामागे खरं देणं-घेणं मात्र असलंच पाहिजे. ते लागू होण्याच्या तोंडावर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बाजारात एकच धावपळ उडाली. ४ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की धोरण बदललेलं नाही, नियम पहिल्यापासून हाच होता. फक्त अंमलबजावणी ३ मे २०२४ पर्यंत पुढे ढकलली. त्यानंतर या बाजारातली उलाढाल झपाट्याने आटली.

मला रिझर्व्ह बँकेचं म्हणणं पटतं, तरी एक गोष्ट नमूद करायलाच हवी. इतकी वर्षं हजारो लोक उघडपणे सट्टा करत असताना हा नियम इतक्या ठामपणे सांगितला गेला नव्हता. पण आज नव्याने येणाऱ्याला ती सबब उरलेली नाही. पुरावा मागितला जात नाही याचा अर्थ पुरावा असायला नको, असा होत नाही. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला दोन महिन्यांनी युरो मिळणार आहेत किंवा सोलापूरच्या टॉवेल कारखानदाराची डॉलरमधली ऑर्डर ठरली आहे, तर भावातल्या चढउतारापासून बचाव म्हणून त्याने करार करावा. हा बाजार त्यासाठीच आहे. यालाच हेजिंग म्हणतात. डॉलर वर जाईल असं वाटतं एवढ्यासाठी लॉट घेणं त्यात बसत नाही. युरो-डॉलरसारख्या रुपया नसलेल्या जोड्याही आपल्या बाजारात २०१८ पासून आहेत, पण तिथे उलाढाल इतकी थोडी की हव्या त्या भावाला बाहेर पडणंच अवघड होऊन बसतं.

आणि हो, एनएसईवर डॉलर “विकत घेतले” तरी हातात डॉलर येत नाहीत. मुदत संपली की संदर्भ दराप्रमाणे फक्त फरकाची रक्कम रुपयांत खात्यावर जमा होते किंवा खात्यातून जाते. मुलीची फी भरायला लागणारे डॉलर शेवटी बँकेकडूनच घ्यावे लागतात.

“१:५०० लिव्हरेज म्हणजे थोड्या पैशात मोठी संधी.”

गणित मांडून बघू. दहा हजार रुपये भरले आणि पाचशेपट लिव्हरेज घेतलं की हातात पन्नास लाखांचा सौदा येतो. आता चलन आपल्या विरुद्ध अवघं ०.२ टक्के हललं की पन्नास लाखांचे ०.२ टक्के, म्हणजे दहा हजार, गेले. अकाउंट रिकामं. युरो-डॉलरसारखी शांत समजली जाणारी जोडी एका दिवसात अर्धा टक्का सहज हलते. म्हणजे तुमचा अंदाज दिवसअखेर बरोबर ठरला, तरी मधल्या एका हेलकाव्यात तुम्ही केव्हाच बाहेर फेकले गेलेले असता.

युरोपच्या ‘एस्मा’ या नियामक संस्थेने २०१८ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी प्रमुख चलनांवरचं लिव्हरेज १:३० वर आणलं. त्याआधी तिथल्या देशांच्या नियामकांनी खाती तपासली होती. सीएफडी नावाच्या, याच पद्धतीने चालणाऱ्या करारांत सामान्य ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात होती. तिथे प्रत्येक ब्रोकरला आपल्या ग्राहकांपैकी किती टक्के तोट्यात आहेत हे जाहिरातीतच छापावं लागतं. जिथे युरोपातल्या नियामकाला १:३० च्या पुढे जाणं धोक्याचं वाटतं, तिथे १:५०० देऊ करणारा माणूस तुमचं भलं चिंतत नाही.

“पण मी स्टॉप लॉस लावतो ना!” जरूर लावावा. पण स्टॉप लॉस ही ठरावीक भावाला सौदा बंद करण्याची सूचना असते, हमी नसते. त्या भावाला समोर कुणी घेणारा असेल तरच ती पाळली जाते. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं. १५ जानेवारी २०१५ ला तिने हा निर्णय अचानक मागे घेतला आणि काही मिनिटांतच युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. १.१९ ला स्टॉप लॉस लावलेल्यांना तो भाव मिळालाच नाही. कितीतरी खाली सौदे तुटले. अल्पारी या ब्रोकरची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि अमेरिकेतल्या एफएक्ससीएमला तगून राहण्यासाठी ३० कोटी डॉलरचं तातडीचं कर्ज घ्यावं लागलं. देखरेखीखालच्या बाजारात हे घडलं. जिथे देखरेखच नाही, तिथे भाव दाखवणारा पडदाही समोरच्याच्या हातात असतो.

“रुपया तर पडतोच. डॉलर घेऊन ठेवला की फायदा ठरलेला.”

लांबचा कल खरा आहे, निष्कर्ष खरा नाही. २००२ मध्ये डॉलर ४९ रुपयांच्या आसपास होता. जानेवारी २००८ मध्ये तो ३९ रुपयांच्या घरात आला होता. २८ ऑगस्ट २०१३ ला घबराटीत तो ६८ च्या वर गेला आणि ऑक्टोबरमध्ये ६२ च्या आसपास परतला. त्या ऑगस्टमध्ये घाईने घेणाऱ्याचं दीड-दोन महिन्यांत जवळपास दहा टक्के नुकसान झालं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भारतातला व्याजदर अमेरिकेपेक्षा बहुधा जास्त असतो आणि हा फरक फ्युचरच्या भावात आधीच धरलेला असतो. दोन टक्क्यांचा फरक असेल तर वर्षभरानंतरचा डॉलर आजच सुमारे दोन टक्के महाग मिळतो. म्हणजे रुपया पडून भागत नाही. बाजाराने धरलेल्यापेक्षा जास्त पडला तरच चार पैसे सुटतात.

“डेमोमध्ये महिनाभर नफा झाला, थोडे पैसे काढूनही बघितले.”

डेमोत भीती नसते आणि हवा तो भाव लगेच मिळतो. खऱ्या पैशाने दोन्ही बदलतं. सुरुवातीला दोन-तीन हजार रुपये काढू देणं हा तर फसवणुकीच्या ठरलेल्या पद्धतीचाच भाग आहे. मग रक्कम वाढवायला सांगतात, पडद्यावर लाखोंचा नफा दिसतो, आणि तो काढायला गेलं की आधी “टॅक्स” किंवा “व्हेरिफिकेशन फी” भरा म्हणतात. आयकर हा ॲपकडे भरायचा नसतो. ही मागणी आली की पुढचा एक रुपयाही देऊ नका. “कॉपी ट्रेडिंग” किंवा महिना दहा टक्क्यांची हमी देणारा सिग्नल ग्रुपही याच जातीचा. चलनाच्या बाजारात हमी कुणीच देऊ शकत नाही. जगभर दिवसाला सरासरी साडेनऊ लाख कोटी डॉलरची उलाढाल असलेल्या या बाजारात समोरच्या बाजूला बँका आणि मोठे फंड बसलेले असतात.

मग चलन समजून घेण्यात काहीच अर्थ नाही का? आहे, आणि घरातल्या घरात आहे. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलाला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. बँकेच्या दरात युरोमागे एक रुपयाचा फरक पडला तरी ११,९०४ रुपये वाचतात, तेही कसलीही जोखीम न घेता. म्हणून दोन-तीन बँकांचा दर लेखी मागा. गूगलवर दिसणारा दर आणि बँक देते तो दर यांतलं अंतर विचारा, त्यावर घासाघीस करा, ती होते. डॉलर हवे असतील तर क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा ‘एफएक्स-रिटेल’ हा प्लॅटफॉर्म २०१९ पासून आहे, त्याबद्दल आपल्या शाखेत चौकशी करा. फी वर्षभरात विभागून भरायची असेल तर डॉलरही टप्प्याटप्प्याने घ्या. निर्यात-आयातीचा व्यवसाय असेल तर बँकेशी फॉरवर्ड कराराबद्दल बोला.

आणि एखाद्या ॲपमध्ये पैसे आधीच अडकले असतील तर लाजेने गप्प राहू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, पैसे ज्या खात्यांवर पाठवले त्यांचे क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार जितकी लवकर होते, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.