रुथेनियम गेले कुठे?

मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंधनघटात सगळा खेळ उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर चालतो. प्लॅटिनम मिथेनॉलमधला हायड्रोजन सोडवते. पण उरलेला कार्बन मोनॉक्साइड त्यालाच चिकटून बसतो आणि पुढच्या रेणूंची वाट अडवतो. यावर उतारा रुथेनियमचा. पाण्यातून ऑक्सिजनयुक्त गट मिळवून ते शेजारच्या मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करून टाकते. वातानाबे आणि मोतू या संशोधकांनी १९७५ मध्ये ही जोडगोळी उलगडून दाखवली.

पण उत्प्रेरकाच्या कणांमधले रुथेनियम धातूच्या रूपात आहे की ऑक्साइडच्या? हे पाहायला नमुन्यावर क्ष-किरण सोडतात आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात. खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेतच ऊर्जा गमावतात, त्यामुळे माहिती मिळते ती वरच्या काही नॅनोमीटरांचीच. धातुरूप प्लॅटिनमची खूण सुमारे ७१ इलेक्ट्रॉनव्होल्टला उमटते. ऑक्साइड झाल्यास ती वर सरकते. रुथेनियमची ठळक खूण मात्र २८४ च्या आसपास, नेमकी कणांना आधार देणाऱ्या कार्बनच्या खुणेत मिसळते. म्हणून ४६२ जवळची दुसरी, फिकी खूण तपासावी लागते.

वापरलेल्या घटात हीच खूण कधी कधी घटाच्या मधल्या पडद्यापलीकडच्या, हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर सापडते. रुथेनियम विरघळून तिकडे पोचलेले असते आणि घटाची शक्ती कमी होण्याचे एक कारण हाती लागते.