माणूस आपला, संस्था गावाची

शहागड हे अंबड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव, धुळे-सोलापूर महामार्गावरचं. अशा गावात रस्त्याकडेच्या जमिनीला भाव चढतो आणि शाळेच्या मैदानाचा कोपराही कुणाच्या तरी डोळ्यांत भरतो. समजा, शिक्षण संस्थेचाच एक विश्वस्त म्हणाला, ‘तेवढी जागा माझ्या पुतण्याला भाड्यानं द्या, गाळे काढतो.’ बैठकीत सगळे खाली बघतात. तो कुणाचा मामा, कुणाचा व्याही. अशा वेळी गप्प बसणं हा संस्थेवरचा अन्याय आहे.

पहिलं पाऊल घरातलंच. अध्यक्षांनी त्याला एकट्याला भेटून संस्थेच्या घटनेतला ‘उद्देश’ वाचून दाखवावा. ‘भाऊ, या विषयापुरतं बाहेर थांबा,’ एवढं स्पष्ट सांगावं. त्यानं आपले हितसंबंध जाहीर करावेत, चर्चेत आणि मतदानात भाग घेऊ नये. हे सगळं इतिवृत्तात उतरलंच पाहिजे. पुढं वाद झाला तर तोंडी आठवणी टिकत नाहीत, सही केलेलं पान टिकतं.

तरीही तो ऐकेना, तर कायदा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणं न्यासाची, म्हणजे अशा संस्थेची, स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची, तरी ही परवानगी लागतेच. कलम ४१-ड खाली आयुक्तांना विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. मालमत्तेचा अपहार, सततची हयगय, विश्वासघात ही त्याची कारणं. विश्वस्तपदाशी विसंगत असं दुसरं पद स्वीकारणं हेही त्यातलं एक. अर्ज दुसरा विश्वस्त करू शकतो, न्यासाशी हितसंबंध असलेली व्यक्तीही करू शकते. मात्र आरोप लेखी हवेत आणि समोरच्याला बाजू मांडू द्यावी लागते. घटनेत तरतूद नसेल तर नुसत्या बहुमतानं कुणाला काढता येईल असं धरून चालू नये. विश्वस्त बदलला की तो बदल कळवणारा ‘चेंज रिपोर्ट’ही धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो.

प्रत्येक मतभेद म्हणजे लबाडी नव्हे, हेही ध्यानात ठेवावं. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. आजीव सदस्यांनी सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामं आणि कमाई नको, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. त्यांचे सहकारी गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि वाद पेटला. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला, गोखले शिकवत राहिले. दोघांपैकी कुणीही स्वार्थी नव्हतं. ‘सगळा वेळ’ म्हणजे किती, यावर मात्र एकमत नव्हतं आणि संस्थेनं एक मोठा माणूस गमावला.

म्हणून नियम भांडणाआधी लिहावेत. बाहेरची पदं कोणती चालतील, नातेवाइकांशी व्यवहार करायचा का, हे घटनेतच असावं. मग भांडण माणसाशी राहत नाही, कृतीशी राहतं आणि उद्या त्याच माणसासोबत पंगतीत बसता येतं.

शाळेला जमीन देणाऱ्यानं ती पोरांना खेळायला दिलेली असते. तो बैठकीला येऊ शकत नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी तोंड उघडलं पाहिजे.