चोरलेला हंस, मेलेल्याचे बूट

‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९२९) या कादंबरीचे जर्मन लेखक एरिक मारिया रेमार्क १९१७मध्ये आघाडीवर जखमी झाले होते. त्यांच्या कादंबरीतल्या सैनिकांची मैत्री पोटापासून सुरू होते. चाळिशीचा काट मूळचा जोडे शिवणारा, पण ओसाड जागीही पाव हुडकून आणणार. एका रात्री तो आणि कोवळा पाउल चोरलेला हंस भाजत बसतात. बोलणं जवळपास नाहीच. (भाषणबाजी टाळली, हीच रेमार्क यांची खरी कमाई.) उरलेलं मांस सोबत्यांना पोचतं. त्यांच्यातला केमेरिख मरणपंथाला लागलेला असताना दुसऱ्या सोबत्याचा, म्युलरचा डोळा त्याच्या उंची बुटांवर असतो. म्युलर गेल्यावर तेच बूट पाउलकडे येतात. पाउलला यात निर्दयपणा दिसत नाही, आघाडीवर चांगले बूट मिळणंच मुश्कील. नाझींनी १९३३मध्ये हे पुस्तक जाळलं.