खऱ्याची झीज

हसून हसून 'लिटरली' मेलो, असं सांगणारा माणूस समोर धडधाकट उभा असतो, आणि इंग्रजीच्या शुद्धतावाद्यांचं डोकं नेमकं तिथेच फिरतं. शब्दाला शब्द धरून, हा 'लिटरली'चा मूळ अर्थ. ऑक्सफर्डच्या कोशाने त्याचा हा सैल वापरही नोंदला आहे, हे 2013 साली लोकांच्या लक्षात आलं तेव्हा वर्तमानपत्रांतून बरीच ओरड झाली. (आपला 'अक्षरशः' तरी कुठे अक्षराला जागतो?) पण या शब्दाने नवं काहीच केलेलं नाही. इंग्रजीतला सगळ्यात सोज्वळ जोरशब्द 'व्हेरी' याच वाटेने आला. लॅटिन 'व्हेरस' म्हणजे खरा. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला आणि चौदाव्या शतकात कवी चॉसर खरा, अस्सल याच अर्थाने तो वापरत होता. पुढे तो नुसता 'फार' उरला. 'रिअली' आणि 'ट्रूली' यांचीही तीच गत. 'फार' अशाच अर्थाच्या जर्मन 'झेअर'चं मूळ तर वेदनेत आहे. इंग्रजी 'सोअर', म्हणजे दुखरा, त्याचा भाऊबंद. आज तो म्हणताना कुणालाच काही दुखत नाही.

खरेपणाचे शब्दच असे का झिजतात? कारण जोर देणं म्हणजे 'विश्वास ठेवा' असं विनवणं, आणि त्यासाठी खरेपणाची शपथ सगळ्यात सोयीची. रोजच्या साध्या गोष्टींवरही तीच शपथ घेतली की तिचं तिखट लागेनासं होतं. मग नवी मिरची शोधायची. हा दोष तरुण मुलींच्या माथी मारण्याची खोडही जुनीच. लॉर्ड चेस्टरफील्डने 1754 मध्ये फॅशनेबल स्त्रियांच्या 'व्हास्टली'ची टर उडवली होती: सोन्याची तपकिरीची डबी अफाट सुंदर, कारण ती अफाट लहान! 'फ्रेंड्स' या मालिकेच्या संवादांवरचा 2005 सालचा अभ्यासही सांगतो की नव्या वळणाचा जोरशब्द 'सो' स्त्रीपात्रांच्या तोंडी जास्त होता. पण त्यातून दिसतो तो पुढाकार. निष्काळजीपणा त्यात शोधणं हा मला निव्वळ आकस वाटतो.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: 'लिटरली' गेला तर त्याच्या जागी दुसरा शब्द कोणता? लेखनात वाचक क्षणभर अडखळतो, हे मान्य. तरी फ्रान्सिस ब्रुकच्या 1769 सालच्या कादंबरीतही तो सैल अर्थाने सापडतो, म्हणजे दोन्ही अर्थ अडीचशे वर्षं एकाच घरात नांदताहेत. शिवाय जुना अर्थ पुरता मरतही नाही. 'द व्हेरी मॅन' म्हणताना इंग्रज आजही 'फार माणूस' म्हणत नाही. 'तोच तो, नेमका' असंच म्हणतो.